उसनवारीचा सूट की मापाचा शर्ट?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात तीन मुलाखती आहेत. एक हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये, एक सॉफ्टवेअर कंपनीत आणि एक कारखान्यात, देखरेखीच्या कामासाठी. माझ्याकडे जीन्स आणि टी-शर्टच आहेत. मित्र म्हणतात, सूट नसेल तर दारातून आत शिरतानाच निकाल लागतो. घरची परिस्थिती बेताची आहे. मी अंगानं किडकिडीत, खांदे अरुंद. काहीही घातलं तरी खुंटीला टांगल्यासारखं दिसतं. दादाचा ब्लेझर आहे, पण तो अंगानं चांगला भरलेला. उसने पैसे काढून सूट घेऊ, की दादाचा ब्लेझर घालू? आणि तिन्ही ठिकाणी एकच शर्ट चालेल का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : उसने पैसे काढू नकोस. तू ज्या तीन जागांसाठी जातो आहेस, त्यातल्या एकाही ठिकाणी नवशिक्या उमेदवारानं सूट घातलाच पाहिजे अशी अपेक्षा नसते. कारखान्यात तर सूट घालून गेलास, तर हा मुलगा यंत्रांजवळ उभा राहील का, अशी शंकाच यायची.

मित्र सांगतात ते मात्र साफ खोटं नाही. कपड्यांवरून माणसं मत बनवतात आणि फार लवकर बनवतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास 2019 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहरे तेच, वरचे कपडे वेगळे. ज्या कपड्यांत माणूस थोडा सुस्थितीतला वाटत होता, त्या कपड्यांत तोच चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. ‘कपड्यांकडे लक्ष देऊ नका’ असं बजावूनही फरक पडला नाही. हा अन्याय आहेच, पण तो दूर होईपर्यंत तुझी मुलाखत थांबणार नाही.

आता दुसरा अभ्यास, तुझ्या जास्त कामाचा. 2013 मध्ये काही संशोधकांनी एका माणसाचे दोन प्रकारचे फोटो लोकांना जेमतेम काही सेकंद दाखवले. एकात अंगाच्या मापानं शिवलेला सूट, दुसऱ्यात तसाच दिसणारा तयार सूट. चेहरा धूसर केलेला. मापाच्या सूटमधला माणूस लोकांना जास्त आत्मविश्वासाचा आणि जास्त यशस्वी वाटला. दोन्हीकडे सूटच होता, हे लक्षात घे. फरक पडला तो मापानं. म्हणून पैसे थोडे असतील तर ते भारी कापडात किंवा नावाच्या लेबलात घालवायचे नाहीत, टेलरकडे घालवायचे. साधा शर्ट मापात करून घ्यायला नवा सूट घेण्याच्या मानानं अगदी किरकोळ खर्च येतो आणि बघणाऱ्याला दिसतं ते मापच.

दादाच्या ब्लेझरचं काय करायचं ते आधी ठरवू. तो घाल, बटण लाव आणि भिंतीला कड करून उभा राहा. मग हळूच भिंतीकडे कल. ब्लेझरच्या खांद्याचं पॅड तुझ्या दंडाच्या आधी भिंतीला लागलं, तर खांदा मोठा आहे. मग तो ब्लेझर दादालाच परत दे. बाहीची लांबी कमी करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा लहान करायचा म्हणजे बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, नव्यानं बसवायचा. त्यात एवढी मजुरी जाते की बहुतेक वेळा परवडत नाही आणि टेलरचा हात बसलेला नसेल तर ब्लेझर कायमचा बिघडतो. खांदा बसत असेल, तर बाकीचं टेलर बघून घेईल. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि खालून शर्टाचा कफ अर्धा इंच डोकावावा.

ब्लेझर बसला नाही तर त्याशिवाय जा. अंगावर झुलणाऱ्या ब्लेझरपेक्षा नेटका फुल शर्ट कधीही बरा. सरावाच्या मुलाखती घेताना मी हे नेहमी बघते. दुसऱ्याचा कोट घालून आलेली मुलं बोलता बोलता बाह्या मागे सारत राहतात. समोरच्याला कोट मोठा आहे हे कदाचित कळतही नाही, पण मुलगा चुळबुळतो आहे हे कळतं.

खरेदीला गेलास की शर्ट खांद्यावर बघायचा. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी. दंडावर उतरली तर एक साइज खाली ये. कॉलरचं वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. एवढं जमलं आणि अंगात सैल असला तर काळजी नको. दोन्ही कडांच्या शिवणी आत घेतल्या आणि पाठीला दोन डार्ट, म्हणजे कापड आत दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणी, मारले की किडकिडीत अंगावरही शर्ट फुगा धरत नाही. सुती असेल तर आधी एकदा धुऊन घे आणि मगच टेलरकडे ने. पहिल्या धुण्यात कापड आटतं. आधी मापात केलेला शर्ट नंतर काखेत काचायला लागतो. पँट बघायची ती बैठकीत आणि मांडीत. कंबर आणि उंची नंतर कमी-जास्त होते. कंबर वाढवायची असेल तर मागच्या शिवणीत आत किती दाब, म्हणजे जादा कापड, सोडलाय ते उलटून बघ. दाबच नसेल तर टेलर तरी काय करणार!

तुझ्यासारख्या बारीक मुलांची एक सवय असते. अंग झाकायला ती सैल कपडे घेतात आणि त्यात आणखी बारीक दिसतात. दुसरं टोक म्हणजे पायाला चिकटलेली पँट. त्यात पाय काडीसारखे दिसतात आणि खाली बूट उगाच मोठे वाटतात. सरळ कापाची, मोहरी, म्हणजे पायाशी असलेला घेर, फार आवळलेली नसलेली पँट घे. कापड थोडं अंगाचं, म्हणजे किंचित जाडसर आणि विणीचा पोत दिसणारं असेल तर ते शरीराला आकार देतं. पातळ आणि झुळझुळीत कापड तुझ्यासाठी नाही. उभ्या रेघांनी माणूस उंच आणि सडपातळ वाटतो असं म्हणतात. तुला त्याची गरज नाही, एकरंगीच बरं. थंडीचे दिवस असतील तर शर्टावर व्ही गळ्याचा पातळ एकरंगी स्वेटर घाल. छातीला थोडा भरीवपणा येतो आणि ब्लेझर नाही याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कापड दुकानातच तपासता येतं. कोपरा मुठीत घट्ट धर, थोडा वेळ आवळून सोड. चुरगळून तसंच राहिलं तर मुलाखतीच्या जागी पोचेपर्यंत त्याची काय दशा होईल ते कळलं. निव्वळ सुती कापड सुखाचं असतं, पण चुरगळतं. निव्वळ पॉलिस्टर चुरगळत नाही, पण घाम कोंडतो आणि स्वस्तातलं असेल तर चमकतं. सुती-पॉलिस्टर मिश्रण तुझ्या कामाचं. मग शर्ट उजेडासमोर धरून बघ. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर आतलं बनियनही दिसणार. पांढऱ्या शर्टाखाली पांढऱ्यापेक्षा कातडीच्या रंगाशी जुळणारं बनियन कमी दिसतं. हे फारसं कुणी सांगत नाही.

रंगाचा फार काथ्याकूट नको. गडद निळी किंवा करडी पँट आणि पांढरा शर्ट. फिकट निळा शर्ट दिसतो छान, पण त्यावर घामाचे डाग लगेच उमटतात. आधीच धास्तावलेल्या माणसानं तो जोखमीनंच घ्यावा. काळी पँट नको असं नाही, पण स्वस्त काळा रंग काही धुण्यांतच विटतो आणि त्यावर धागा अन् धूळ लांबून दिसते. दादाचा ब्लेझर काळा असेल आणि तू वेगळ्या काळ्याची पँट घातलीस, तर दोन काळे कधी जुळत नाहीत. तिथे करडी पँट घाल. आणि रंग दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नकोस, दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघ.

वापरलेले कपडे घ्यायला कमीपणा मानू नकोस. चांगल्या शिलाईचा जुना ब्लेझर नव्या स्वस्त ब्लेझरपेक्षा पुष्कळदा सरस निघतो. बघायचं ते कोपरावर, काखेत आणि कॉलरच्या घडीवर. घडी विरलेली किंवा काख पिवळी असेल तर सोडून दे. कोपर फक्त चमकत असेल, तर ती चमक घासल्यानं किंवा थेट इस्त्री फिरवल्यानं येते. ओलसर कापड मधे घालून वाफेनं इस्त्री केली की थोडीफार कमी होते. गडद कपड्याला इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं करावी.

नवाच ब्लेझर घेतलास तर आणखी एक बघ. मागच्या चिरेवर फुलीच्या आकाराचा कच्चा टाका असतो आणि बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असते. दोन्ही काढायच्या असतात. खिशांनाही असाच कच्चा टाका असतो. ती फुली तशीच ठेवून मुलाखतीला आलेली मुलं मी पाहिली आहेत आणि हे सांगायला त्यांच्या घरात कुणी नव्हतं हे तेव्हाच कळतं. दोन बटणांचा ब्लेझर असेल तर वरचंच लावायचं, बसताना तेही सोडायचं.

टेलरची मजुरी सोडून बाकीचे पैसे बुटांसाठी राख. शर्ट साधा असला तरी कुणी बघत नाही, टाच झिजलेली दिसते. साधे, बंद, काळे किंवा गडद तपकिरी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. मोजे पँटच्या रंगाचे आणि एवढे लांब की खुर्चीत बसल्यावर नडगी उघडी पडणार नाही. नवे बूट आधी घरात घालून वावर, नाहीतर ऐन मुलाखतीच्या दिवशी टाच सोलवटायची. जुने असतील तर पॉलिश कर, टाच बदलून घे. मोच्याला फार वेळ लागत नाही.

कपडे तयार झाले की एकदा सगळे घालून खुर्चीत बस. पुढे वाकून टेबलावर सही केल्यासारखं कर, हात पुढे कर, फाइल उचल. शर्ट कमरेतून बाहेर निघतो का, बटणांमधे फट पडते का, ते घरच्या कुणाला तरी समोरून बघायला सांग. आरशासमोर उभं राहून हे कळत नाही, कारण मुलाखत बसून द्यायची असते.

तीन जागांपैकी हिशेबाच्या फर्ममध्ये ब्लेझर असेल तर घाल. टाय ऐच्छिक, बांधलीस तर टोक पट्ट्याच्या बक्कलपाशी यावं. सॉफ्टवेअर कंपनीत शर्ट-पँट पुरे. तिथे समोरचे टी-शर्टात असतील, त्यानं गडबडून जाऊ नकोस. कारखान्यात बहुधा आतून फिरवून आणतात. लोंबणारी टाय नको, सैल बाही नको, बूट बंद आणि तळव्याला पकड असलेले हवेत. शंका असेल तर मुलाखतीचं पत्र पाठवणाऱ्यांना ‘पेहरावाबद्दल काही सूचना आहे का’ एवढं एका ओळीत विचार. यात कुणाला राग येत नाही.

आणि हो, तिन्ही ठिकाणी एकच शर्ट चालेल. एका कंपनीतल्या माणसानं तुला दुसऱ्या कंपनीत कशाला पाहिलं असेल? फक्त एकाच कंपनीनं दुसऱ्या फेरीला बोलावलं तर शर्ट बदल, पँट तीच असली तरी चालते. म्हणून एक पँट आणि दोन शर्ट हा हिशेब मला योग्य वाटतो. ब्लेझर पहिल्या पगारानंतर घे, आणि तेव्हाही खांदा बघूनच.

ता. क. : पहिली फेरी व्हिडिओवर असेल तर बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट घालू नकोस, कॅमेऱ्यात तो लहरी उठल्यासारखा थरथरताना दिसतो. मागे पांढरी भिंत असेल तर पांढरा शर्ट तिच्यात मिसळून जातो, तेव्हा दुसरा शर्ट रंगीत घेतलास तर तो इथे उपयोगी पडेल. आणि खाली पँट घालच. मध्येच चार्जर लावायला उठावं लागतं.