‘अडीच तास एकच ठेका’ वाजवणाऱ्या मुलाविषयी

फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 24 वर्षांचा, बीए झालेला, तबल्यात विशारद. दोन वर्षं झाली, एका पॉप गायिकेच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवत देशभर फिरतो. पणजीतला कार्यक्रम बघायला वडील हौसेने गेले आणि खट्टू होऊन परतले. लिहितात, “अडीच तास मागे बसून नुसतं धम्-टॅक, धम्-टॅक. एक कायदा (बोलांचा बांधीव विस्तार) नाही, एक तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नाही. एवढ्या वर्षांची तालीम पाण्यात गेली म्हणायची. त्याला कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेला बसवू का?”

नमस्कार,

तुम्ही स्वतः देवळात भजनाला पखवाज धरता, हे पत्राच्या शेवटी ओघात लिहिलंत ते बरं झालं. विलंबित एकतालाचा ठेका अर्धा तास जागचा न हलवणाऱ्या तबलजीला ‘याला काही येत नाही’ असं तुम्ही कधी म्हणाल? गवई हवी तेवढी भरारी मारून येतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथल्या तिथे सापडते, ती कुणाच्या जिवावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाच्या कार्यक्रमाला जाताना मात्र तो कान तुम्ही घरी ठेवून गेलात, असं स्पष्टच म्हणतो.

त्या अडीच तासांत तो काय करत होता ते सांगतो. आजकालच्या पॉप कार्यक्रमात ड्रमरच्या कानात इअरफोन असतो आणि त्यात लय दाखवणारी क्लिक चालू असते, टक टक टक टक. प्रेक्षकांना ती ऐकू येत नाही. मंचावर नसलेली वाद्यं, मागचा कोरस, हे सगळं लॅपटॉपमधून त्याच क्लिकला बांधून येतं, आणि पुष्कळ बँडमध्ये ते सुरू करण्याचं बटणही ड्रमरच्याच हाताशी असतं. आता गायिका लोकांशी बोलताना रंगली आणि ओळ अर्धं आवर्तन उशिरा उचलली, तर लॅपटॉप तिच्यासाठी थांबत नाही. तेव्हा ड्रमर एखादा छोटा फिल, म्हणजे ठेक्याच्या मधला भरणा, असा टाकतो, की पुढची जागा तिला न वळता कळावी. खाली बसलेल्यांना ते नक्षीकाम वाटतं. चुकीचं गाणं सुरू झालं, लॅपटॉप अडकला, तर क्लिकशिवाय बँड ओढून न्यायचा तोही त्यानेच.

क्लिक कानात आहे म्हणजे काम सोपं, असंही नाही. नेमका क्लिकवर वाजवलेला ठेका कोरडा लागतो. कडव्यात क्लिकच्या किंचित मागे रेलायचं, मुखड्यात नेमकं तिच्यावर यायचं, आणि लय मात्र तसूभर हलू द्यायची नाही. मिनिटाला 104 ठोक्यांच्या गतीचं गाणं लोकांचा आरडाओरडा ऐकून हात 110 वर नेऊ पाहतात, आणि 110 वर गायिकेला श्वासाची जागाच उरत नाही. पुढच्या वेळी त्याचा डावा हात बघा, स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडणारा. पहिल्या गाण्यातला ठोका आणि शेवटच्या गाण्यातला ठोका सारख्याच वजनाचा पडायला लागतो, कारण साऊंड इंजिनिअरने सगळा आवाज त्या वजनावर लावलेला असतो. दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे काठी कातड्यावर जेमतेम टेकवून काढलेले बारीक बोल असतात. मागच्या रांगेत ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले तर गाणं लंगडतं. उजवा पाय मोठ्या ड्रमवर, बासगिटारवाल्याशी बांधलेला, डावा पाय हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, उघडतो-मिटतो. चार अवयव, चार कामं. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, या गोष्टी ऐकत आपण गोव्यात वाढलो. तुमच्या पोराला मी त्या पंगतीत बसवत नाही. पण चार अवयवांचा हिशेब गावाला नवा नाही, एवढंच.

तिहाई का नाही घेतली? घेता येते म्हणून. त्या जागेवर गायिकेचा शब्द होता. न येणाऱ्याचं गप्प बसणं आणि येणाऱ्याचं गप्प बसणं यांत फरक असतो, आणि गायिका दोन वर्षं त्याच मुलाला बोलावते, त्याअर्थी तिला तो फरक कळलाय. तबल्याची तालीम पाण्यात गेली नाही, ती तिथेच कामाला आली.

1 नोव्हेंबर 1996 ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. मागे ड्रम्सवर जोनाथन मॉफेट होता. जॅक्सनने मान झटकली, हात फेकला, की त्याच क्षणी ठोका. सगळ्यांचं लक्ष अर्थात जॅक्सनकडे. आपल्याकडचंच बघायचं तर सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे वाद्यसंयोजक, मुंबईच्या सिनेसंगीतात घाम गाळलेली गोव्याची माणसं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव संगीतकाराचं लागायचं. मागे बसून दुसऱ्याचं गाणं उभं करणं हा गोमंतकीयांचा जुना धंदा आहे.

आता तुमची काळजी. तिच्यात तथ्य आहे, फक्त ती तुम्ही चुकीच्या जागी ठेवलीत. प्रश्न कलेचा नाही, कागदांचा आणि कानांचा आहे.

गोव्यात काम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात हॉटेलं आणि लग्नं थंडावली की वादकही बसून. दौऱ्याचं मानधन ठरतं कसं, तालमीचे दिवस धरले जातात का, कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर किती मिळणार, हे त्याच्याकडे लेखी आहे का ते विचारा. बहुतेकांकडे व्हॉट्सॲपवरचे दोन मेसेज असतात, बस्स. मानधनातून टीडीएस कापला जात असेल तर त्याने दरवर्षी विवरणपत्र भरलंच पाहिजे. कापलेले पैसे परत मिळू शकतात, आणि उद्या घरासाठी कर्ज घ्यायचं तर बँक तेच कागद मागते.

पावसाळ्यात त्याने नोटेशन वाचायला शिकावं. विशारदला बोल पाठ असतात, पण मुंबईत स्टुडिओच्या कामात किंवा आजारी ड्रमरच्या जागी उभं राहताना समोर कागद येतो आणि संध्याकाळी कार्यक्रम असतो. पणजीत कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करावी. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या ब्रिटिश परीक्षा संस्थांच्या ड्रम्सच्या आठ ग्रेड असतात. वरच्या ग्रेड हातात असल्या की शिकवण्याचं काम मिळणं सोपं जातं. लॅपटॉपचं काम तो करतच असेल तर तेही नीट शिकावं, कारण बँडचा म्युझिक डायरेक्टर पुष्कळदा ड्रमरमधून वर येतो.

आणि कान. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास, ही सुरक्षित मर्यादा धरतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटं. झांजांच्या मधे बसणाऱ्याला हे रोजचं आहे. कानाच्या डॉक्टरकडून एकदा श्रवणचाचणी करून घ्या आणि तालमीसाठी मापाचे इअरप्लग बनवून घ्या. परीक्षेच्या क्लासच्या फीपेक्षा हा खर्च आधी करा.

परीक्षेला ‘बसवू नका’. 24 वर्षांच्या मुलाला बसवता येत नाही. त्याने स्वतः अर्ज भरला तर भरू दे, वय अजून हाताशी आहे. दौऱ्यांची आणखी तीन वर्षं बघा. तेवढ्यात बोलावणी वाढली नाहीत आणि शिकवण्याचंही जमलं नाही, तर हा विषय पुन्हा काढा, त्याच्या समोर बसून.

त्याआधी एक करा. अशा बऱ्याच कार्यक्रमांचं प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग होतं. पणजीच्या कार्यक्रमाचं त्याच्याकडे असेल तर फक्त ड्रम्स आणि क्लिक एवढंच मागून घ्या, हेडफोन लावा आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत काही बोलू नका. मग खुशाल चुका काढा. तुमचा कान आहे, दोन-चार सापडतील.