एक्स्टेन्शनं वाढवू नका, आणि आधी फॉर्म वाचवा

तुम्ही लिहिलंय की फायरफॉक्सचं ट्रॅकिंग-संरक्षण 'स्ट्रिक्ट' या कडक पातळीवर ठेवलंय, त्यावर दोन ॲड ब्लॉकर, एक कुकी-बॅनर घालवणारं आणि एक फिंगरप्रिंट (ब्राउझरच्या ज्या खुणांवरून तुम्ही ओळखले जाता त्या) लपवणारं एक्स्टेन्शन बसवलंय. आता अर्जाच्या शेवटच्या पानावर 'सबमिट' दाबलं की नुसतं चक्र फिरत राहतं, आणि पोर्टलच्या हेल्पडेस्कने 'कॅशे व कुकीज क्लिअर करून पुन्हा प्रयत्न करा' असं कळवलंय. ब्राउझरचं अंगचं संरक्षण ठेवावं की एक्स्टेन्शनं, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर देतेच, पण आधी एक विनंती. कॅशे आणि कुकीज क्लिअर करू नका. अर्जात भरलेला सगळा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये उतरवून घेईपर्यंत तरी त्या बटणाला हात लावू नका.

हेल्पडेस्कचं हेच उत्तर, जवळपास याच शब्दांत, मला आलं होतं. संस्था वेगळी, नाव घेत नाही. फॉर्मवर प्रत्येक पानानंतर 'मसुदा जतन झाला' असं हिरव्या अक्षरांत यायचं. कोणीही समजेल की मसुदा त्यांच्या सर्व्हरवर जातोय. प्रत्यक्षात तो माझ्याच ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे माझ्याच संगणकावर, साठत होता. फायरफॉक्समध्ये कुकीज आणि साइट डेटा एकाच खुणेखाली पुसले जातात आणि लोकल स्टोरेज त्यात येतं. म्हणजे हेल्पडेस्कने सांगितल्याप्रमाणे केलं की मसुदा गेला. सगळी मोठी निवेदनं, शिफारस देणाऱ्यांचे तपशील, सगळं. आपला फॉर्म मसुदा कुठे ठेवतो हे ज्यांना ठाऊक असायला हवं, त्यांनीच तो पुसायला सांगितला.

त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून आहे. तक्रार केली की तेच ठरावीक उत्तर नव्या तिकीट क्रमांकासह यायचं. कोणता ब्राउझर, काय एरर आली, कोणत्या टप्प्यावर अडलं, यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. फोनवर सांगितलं, 'तुमच्या नावावर मसुदा दिसत नाही, म्हणजे तुम्ही सेव्ह केलाच नसेल.' मुदत वाढवून मागितली तर 'तांत्रिक अडचण आपल्या बाजूची आहे' असं लेखी आलं. मुदत टळली आणि ते वर्ष गेलं. म्हणून तुमची पोस्ट वाचल्यावर बाकीचं राहू दे, आधी हे लिहावं असं वाटलं.

अडचण खरोखर कोणाच्या बाजूची असते, हे नीट समजून घ्या, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. पुष्कळ साइटवर सबमिट बटणाच्या कोडमध्येच भेटींची मोजदाद करणाऱ्या बाहेरच्या स्क्रिप्टला (पानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हाक मारलेली असते. ती स्क्रिप्ट अडवली गेली की हाक मारणारा कोड तिथेच कोसळतो आणि अर्ज पुढे जात नाही. मोजदाद झाली नाही म्हणून अर्ज थांबावा, हा लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा आहे, तुमचा नाही. पण भोगावं आपल्याला लागतं, म्हणून चांगल्या ब्लॉकरनी यावर उपाय केलाय. ते मूळ स्क्रिप्टऐवजी एक पोकळ बदली स्क्रिप्ट देतात. ती हाकेला ओ देते, पण माहिती कुठेच पाठवत नाही. फायरफॉक्समध्ये २०२१ पासून 'स्मार्टब्लॉक' हेच करतं, आणि यूब्लॉक ओरिजिन या ॲड ब्लॉकरमध्येही ही सोय आहे.

आता दोन ब्लॉकर एकत्र चालवले की काय होतं बघा. एक बदली स्क्रिप्ट द्यायला जातो, दुसरा ती विनंतीच रद्द करतो, आणि रद्द करणाऱ्याचं चालतं. बदली स्क्रिप्ट पानापर्यंत पोचतच नाही. दुप्पट संरक्षण मिळत नाही, फक्त साइट मोडतात. यूब्लॉक ओरिजिनच्या लेखकाने स्वतःच स्पष्ट सांगितलंय की याच्याबरोबर दुसरा कंटेंट ब्लॉकर वापरू नका. तुमच्या दोनांपैकी एक आजच काढा.

फिंगरप्रिंट लपवणारं एक्स्टेन्शनही काढा असं मी म्हणेन. ब्राउझर एक सांगतो, एक्स्टेन्शन दुसरंच सांगतं, आणि ती विसंगतीच तुम्हाला गर्दीतून वेगळं काढते. शिवाय पैसे भरण्याच्या पानांवरच्या फसवणूक ओळखणाऱ्या यंत्रणा अशा विसंगतीवर संशय घेतात. ओळख लपवण्यासाठीचा टॉर ब्राउझर बनवणारे लोक जादा एक्स्टेन्शनं घालू नका म्हणतात ते याच कारणाने. प्रायव्हसी बॅजर या माग काढणाऱ्यांना अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ते ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या, विश्वासार्ह संस्थेचं. कोण माग काढतंय हे ते प्रत्येकाच्या ब्राउझिंगवरून शिकायचं. मग गूगलच्या सुरक्षा-संशोधकांनी दाखवलं की हे शिकलेलं ज्ञानच माणूस ओळखायला वापरता येईल. २०२० मध्ये ईएफएफने ते स्थानिक शिकणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. हेतू चांगला असूनही असं होऊ शकतं.

आणि हेतू चांगला नसेल तर? एक्स्टेन्शन बसवताना 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी आपण देतो, आणि बहुतेक जण ती ओळ न वाचता पुढे जातात. ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, फक्त तो जिथे बसवलाय त्या साइटवर बघतो, एक्स्टेन्शनला प्रत्येक साइटवरचं अख्खं पान दिसतं, तुम्ही टाइप करता ते सगळं. लेखक बदलला तरी ती परवानगी तशीच राहते. नॅनो ॲडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर २०२० मध्ये विकली गेली आणि नव्या मालकांनी क्रोमच्या आवृत्तीत घातक कोड घातला. स्टायलिश हे पानांचं रूप बदलणारं एक्स्टेन्शन ब्राउझिंगचा इतिहास गोळा करत असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. वेब ऑफ ट्रस्ट म्हणजे साइट विश्वासार्ह आहे का ते सांगणारं एक्स्टेन्शन. त्याच्या वापरकर्त्यांचा डेटा विकला जात असल्याचं जर्मन पत्रकारांनी २०१६ मध्ये दाखवलं. कुकी-बॅनर घालवणारं 'आय डोन्ट केअर अबाउट कुकीज' २०२२ मध्ये अँटीव्हायरस बनवणाऱ्या ॲव्हास्टने विकत घेतलं, आणि त्याच ॲव्हास्टची जम्पशॉट ही उपकंपनी लोकांचं ब्राउझिंग विकत होती, ती २०२० मध्ये बंद करावी लागली. त्या एक्स्टेन्शनने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण मालकी बदलते तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही. बॅनरसाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतही नाही. यूब्लॉक ओरिजिनच्या फिल्टर यादीत 'कुकी नोटिसेस' हा गट आहे, त्यावर खूण करा, झालं.

तेव्हा अंगचं की बाहेरचं? माझं मत असं: पाया ब्राउझरचा असावा, त्यावर फार तर एक एक्स्टेन्शन. मी सुरक्षा-तज्ज्ञ नाही, वर्षानुवर्षं वापरणारी आहे, आणि ज्यांच्या मागे कोणी खरोखर लागलंय अशा पत्रकारांना किंवा कार्यकर्त्यांना हा सल्ला पुरणार नाही.

फायरफॉक्समध्ये थर्ड-पार्टी कुकीज (उघडलेल्या साइटऐवजी बाहेरच्यांनी ठेवलेल्या) साइटगणिक वेगळ्या ठेवण्याची सोय जून २०२२ पासून सगळ्यांना आपोआप मिळाली आहे, 'स्टँडर्ड'मध्येसुद्धा. हे काम ब्राउझरच्या गाभ्यात होतं आणि तिथेच ते व्हायला हवं. पण फायरफॉक्स ॲड ब्लॉकर नाही. 'स्ट्रिक्ट'वर ट्रॅकर असलेल्या जाहिराती जातात, बाकीच्या राहतात. म्हणून त्यावर यूब्लॉक ओरिजिन. ते असेल तर 'स्ट्रिक्ट'चा जादा फायदा मला थोडाच वाटतो आणि साइट मोडण्याचा त्रास मात्र वाढतो, म्हणून मी स्टँडर्डवर ठेवते. इथलेच काही जण याला विरोध करतील, त्यांचंही ऐका. साइटच्याच उपडोमेनच्या नावामागे लपणारे ट्रॅकर यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर उघडे पाडू शकतं, कारण फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएस (नावामागचा खरा सर्व्हर कोणता ते सांगणारी यंत्रणा) तपासू देतो. क्रोम देत नाही.

ब्रेव्ह ब्राउझर वापरत असाल तर काहीच घालू नका. त्याचं ब्लॉकिंग ब्राउझरच्या आतच आहे आणि लपलेले उपडोमेन तो २०२० पासून स्वतःच ओळखतो. सफारीने मार्च २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. तिथले कंटेंट ब्लॉकर नियमांची यादी ब्राउझरकडे सोपवतात, पान स्वतः वाचत नाहीत. ही रचना मला मनापासून पटते.

क्रोमबद्दल मात्र स्पष्ट बोलते. थर्ड-पार्टी कुकीज दोन वर्षांत काढू असं गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, मुदती पुढे ढकलल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. २०१८ पासून त्यात असलेला जाहिरात-फिल्टर फक्त ठरावीक निकष मोडणाऱ्या साइटसाठी आहे, ट्रॅकरशी त्याचा संबंध नाही. मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेन्शनांसाठीच्या नव्या नियमांनंतर मूळ यूब्लॉक ओरिजिनही तिथे चालेनासं झालं, आता 'लाइट' आवृत्ती आहे. ती वाईट नाही, मूलभूत स्तरावर तर पान वाचण्याची परवानगी न घेताही काम करते. पण ज्याला हा विषय महत्त्वाचा वाटतो त्याने ब्राउझरच बदलावा. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीच्या ब्राउझरला बाहेरून ठिगळं लावत बसण्यात अर्थ नाही.

आता तुमचा अर्ज. मजकूर उतरवून घेतला की ॲड्रेस बारमधल्या ढालीवर क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. पान पुन्हा लोड होईल, म्हणून उतरवून घेणं आधी. जमलं नाही तर यूब्लॉकच्या चिन्हावरचं मोठं पॉवर बटण दाबा, तेही त्या साइटपुरतंच असतं. दोष नेमका कोणाचा हे कळायला प्रायव्हेट विंडो उपयोगी पडते. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनं तिथे चालत नाहीत, ब्राउझरचं संरक्षण मात्र चालू राहतं. तिथे अर्ज गेला तर दोष एक्स्टेन्शनचा. मसुदा मात्र तिथे दिसणार नाही, म्हणून घाबरू नका, तो मूळ विंडोत आहे. पैसे भरायचे असतील तर मी वेगळी, कोरी प्रोफाइल वापरते. ॲड्रेस बारमध्ये about:profiles टाइप केलं की ती काही क्लिकमध्ये बनते आणि त्यात एकही एक्स्टेन्शन नसतं.

हेल्पडेस्कला पुन्हा लिहाल तेव्हा 'चालत नाही' एवढंच लिहू नका. एफ१२ दाबून कन्सोलमधल्या लाल ओळींचा स्क्रीनशॉट, वेळ आणि ब्राउझरची आवृत्ती जोडा, आणि मसुदा कुठे साठतो हे लेखी विचारा. मुदतीच्या आत हे ईमेलवर गेलेलं असलं की 'अडचण आपल्या बाजूची' असं म्हणणं त्यांना इतकं सोपं जात नाही. माझ्याकडे तेव्हा असा कागद नव्हता.

मुदत कधीची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती, आणि कन्सोलमध्ये काय दिसतं ते इथे टाका. नाव, ईमेल, अर्ज क्रमांक झाकून टाका. आज रात्री मी बघते.