ग्रुप पुढे गेला तर जाऊ द्या

प्रश्न: आमच्या ग्रुपसोबत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर निघालेय, रोज साधारण १०० किमी, सामान मागच्या गाडीत. प्रॅक्टिस झालीये पण सगळ्यांत स्लो मीच. माझ्यामुळे बाकीचे खोळंबतील याचंच टेन्शन आलंय. अशा टूरमधला एक दिवस नेमका कसा जातो?

उत्तर: आधी तुमच्या टेन्शनचा हिशोब करू. त्यांचा स्पीड २२ आणि तुमचा १८ धरला तरी १०० किमीला फरक पडतो साधारण एका तासाचा, बस्स. आणि तो तास बऱ्यापैकी स्टॉपवर भरून निघतो, कारण पुढे पळालेली मंडळी तिथे निवांत बसलेली असतात, तुम्ही बाटल्या भरा, खा आणि निघा.

दिवस बिघडतो तो सकाळच्या पहिल्या तासात. सगळे फ्रेश असतात, ग्रुप सुसाट सुटतो आणि आपण मागे पडायला नको म्हणून त्यांच्या मागे जीव काढतो, मग दुपारी पायांत काही उरत नाही. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात चालवताय, स्पीड कमी करा, ग्रुप गेला तर जाऊ द्या.

पण सपाट रस्ता आणि समोरून वारा असेल तेव्हा मात्र ग्रुप सोडू नका. दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा तो झेलतो आणि तुमची मेहनत पाव हिश्श्याने तरी वाचते. चढावर स्पीडच कमी असतो त्यामुळे हा फायदा जवळपास मिळत नाही, तिथे आपला गिअर, आपला दम. मागे राहताना एक गोष्ट मात्र अगदी पक्की लक्षात ठेवा, तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच न्यायचं नाही, कारण दोन चाकं घासली की पडतो तो बहुतेक वेळा मागचाच. आणि वारा झेलायला तुमची पुढे यायची पाळी आली की स्पीड वाढवू नका, आहे तोच ठेवा, हे अनुभवी लोकांनाही जमत नाही आणि ग्रुप तुटतो तो नेमका इथेच.

खाणं भूक लागायची वाट न बघता, दर वीसेक मिनिटांनी थोडं थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात जायला हवेत. उन्हात तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, म्हणून मीठही हवं.

दुपारनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागेल, तळहाताखालची नस दबते म्हणून, हँडलवरची पकड सारखी बदलत राहा. मुक्कामी पोचल्यावर गप्पांना बसायच्या आधी सायकलिंग शॉर्ट्स काढा, अंघोळ करा, शॉर्ट्स धुवून वाळत घाला. तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही बरं का, शिवण घासून जखमा होतात आणि अशी जखम घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसणं फार वाईट. मग चेन पुसा, टायरमध्ये काचेचा तुकडा रुतलाय का ते बोट न फिरवता डोळ्यांनी बघा.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी लीडरला स्पष्ट विचारा, शेवटच्या रायडरच्या मागे कोण राहणार आणि सगळे पुन्हा एकत्र कुठे कुठे थांबणार. दोन्हीची उत्तरं सगळ्यांसमोर ठरवून घ्या.