बाटली काळी, अहवाल मात्र कोरा

प्रश्न: गावच्या विहिरीचं पाणी एच-टू-एस बाटलीत (दूषित पाण्याने काळी होणारी तपासणीची बाटली) भरलं, दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट झालं. प्रयोगशाळेने मात्र ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जिवाणू) आढळला नाही असं कळवलं. खरं कोणाचं? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: दोघांचंही असू शकतं. ही बाटली ई. कोलाय शोधतच नाही. तिच्यातल्या कागदी पट्टीत पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार जिरवून वाळवलेला असतो. मैल्याबरोबर येणारे सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम असे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लोहाला भेटला की शाईसारखा काळा रंग येतो. ई. कोलाय सहसा हा वायू सोडत नाही. आपण त्याचे सोबती पकडतो.

प्रयोगशाळेकडे नमुना कसा गेला, तेही पाहा. टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या विहिरीचं पाणी साध्या बाटलीत नेलं, तर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारतो आणि अहवाल कोरा येतो. नमुन्याच्या बाटलीत थायोसल्फेट हवंच.

उलटी फसगतही होते. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सल्फाइड आधीच असतं. असं पाणी भरल्या भरल्या काळवंडलं, तर तो दोष जिवाणूंचा नव्हे. जिवाणूंना वाढायला तास लागतात.

प्रश्न: थंडीत दोन दिवस ठेवूनही बाटली काळी झाली नाही. पाणी चांगलं समजायचं का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: घाई नको. जिवाणूंना ३० ते ३७ अंश ऊब लागते. डिसेंबरात ओट्यावर ठेवलेली बाटली गारठून बसते. विरजण लावता तशा उबदार जागी, कापडात गुंडाळून ठेवा. २४ आणि ४८ तासांनी पाहा; लवकर काळी होणारी जास्त दूषित, असा ढोबळ अंदाज धरता येतो.

नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मगच खुणेपर्यंत (बहुधा २० मिलि) भरा. बाटली विसळू नका, झाकणाला आतून बोट लावू नका.

सोबत दुसऱ्या एका एच-टू-एस बाटलीत विकतचं सीलबंद पाणी उकळून, झाकून गार करून भरा. ती काळी झाली तर खोट बाटल्यांत किंवा हातांत. यासाठी विहिरीचं पाणी उकळून चालत नाही, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू उकळीतही तगतात.

काळ्या बाटलीत कोट्यवधी जिवाणू वाढलेले असतात. चमचाभर टीसीएल घालून तासाभराने शौचालयात ओता. ती बाटली पुन्हा वापरू नये.

प्रश्न: मग टीसीएल किती टाकायचं? (एक जलसुरक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५, हे झाले लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम ताजी पावडर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा. तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवा. उघड्या पोत्यातल्या पावडरीला हा हिशेब लावू नका. तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.