बाबांचे टाळ घरात ठेवू का? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की ख्रिस्ती धर्मशास्त्रावर मनात असेल ते विचारा, आणि मग पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, दोघातिघांनी तर उपासना संपल्यावर गेटजवळ गाठून विचारलं. सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं होणार नाही. पाच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांचे पुढच्या वेळी नक्की घेतो.

प्रश्न: सर, मी हिंदू आहे, राजारामपुरीत राहतो. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातो. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं की तुमचा पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आमच्या दत्तासारखंच ना, तीन तोंडं आणि देव एक? तो म्हणाला तसं नाही, पण मग कसं ते त्याला सांगता येईना. तुमचे देव तीन की एक?

उत्तर: एक. तीन देव म्हटलं की ख्रिस्ती विश्वास तिथंच संपला. तुमच्या मित्राला सांगता आलं नाही यात त्याचं काही चुकलं नाही, या एका प्रश्नावर मंडळीने, म्हणजे चर्चने, सुरुवातीची तीन-चारशे वर्षं घालवलीत.

दत्ताची आठवण येणं साहजिक आहे, पण फरक बघा. ब्रह्मा उत्पत्ती करतो, विष्णू सांभाळतो, महेश लय करतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणजे कामं वाटलेली. त्रैक्यात, म्हणजे पिता, पुत्र, आत्मा मिळून एक देव या शिकवणीत, अशी वाटणी नाही, पिता जे करतो ते पुत्राद्वारे आणि आत्म्याच्या सामर्थ्याने करतो, सृष्टी असो की तारण (माणसाची पापातून सुटका). आणि एकच देव तीन वेगवेगळी रूपं घेतो असंही नाही. आमच्याकडं संडे स्कूलमध्ये बर्फ, पाणी, वाफ हे उदाहरण सर्रास देतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण त्यात एकच वस्तू आधी हे होते मग ते होते. हे मत जुनं आहे, सबेलियसच्या नावाने ओळखलं जातं, आणि मंडळीने ते तिसऱ्या शतकातच नाकारलं. येशू गेथशेमाने बागेत रात्री प्रार्थना करतो, घाम गाळतो, 'बापा' म्हणून हाक मारतो, तिथं खरंच कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय. स्वतःशीच बोलत नाहीये.

मग चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या एका पाळकाने (धर्मगुरूने) म्हटलं की पुत्र थोर आहे, सगळ्यात आधी निर्माण झालेला आहे, पण निर्माण झालेलाच आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हता. दिसायला किती सोपं उत्तर आहे बघा, देव एक राहिला आणि येशूचा मानही राहिला. ३२५ साली बादशहा कॉन्स्टंटाइनने निकिया इथं (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) बिशपांची परिषद बोलावली आणि तिथं ठरलं की पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे, ग्रीकमध्ये होमोऊसियोस. पुढं काहीजण म्हणाले होमोइऊसियोस म्हणूया की, म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा'. फरक एका अक्षराचा. लोक अजून म्हणतात एका अक्षरासाठी एवढं भांडण कशाला, पण अथनेशियस नावाच्या बिशपने याच गोष्टीपायी पाच वेळा हद्दपारी सोसली, सगळी मिळून सतरा वर्षं.

का सोसली? तुम्हाला २०१९ चा पूर आठवत असेल, शिरोळकडं तर विचारूच नका. कुणी फोनवरून धीर देत होतं, कुणी लांबून बोट पाठवली, आणि कुणी स्वतः छातीएवढ्या पाण्यात उतरून म्हातारीला खांद्यावर घेतलं. सगळेच चांगले, पण जिच्या घरात पाणी होतं तिला यातला फरक बरोबर कळतो. अथनेशियसचं म्हणणं एवढंच की देवाने दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, स्वतः आला. आरियसचं खरं मानलं तर क्रुसावर एक मोठा देवदूत मेला आणि देव वरतीच राहिला.

आता 'तीन व्यक्ती' म्हणजे तीन कोण, हे मात्र माणसाच्या भाषेत नीट बसत नाही. संत ऑगस्टिनने सरळ लिहिलंय की आम्ही 'व्यक्ती' म्हणतो ते फार नेमकं आहे म्हणून नाही, गप्प बसायला नको म्हणून. आणि बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) शेवट तुमच्या मित्राला काढून दाखवायला सांगा, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या 'नावाने' बाप्तिस्मा द्या असं आहे, 'नावांनी' नाही. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे.

प्रश्न: आमचे शेजारी केरळचे ऑर्थोडॉक्स आहेत. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक एका शब्दावरून वेगळे झाले असं ऐकलं, खरं आहे का? (शाहूपुरी)

उत्तर: अर्धं खरं. निकियाच्या विश्वासांगीकारात (आपण काय मानतो ते सांगणाऱ्या मजकुरात) पवित्र आत्मा 'पित्यापासून निघतो' असं होतं, पश्चिमेकडच्या लॅटिन मंडळीने त्यात 'आणि पुत्रापासून' हे जोडलं, पूर्वेकडचे म्हणाले सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या मजकुरात तुम्ही एकट्यांनी भर घातलीच कशी. पोपचा अधिकार किती हाही वाद होताच. १०५४ साली एकमेकांना बहिष्कृत केलं आणि ते बहिष्कार १९६५ साली मागे घेतले, एकी मात्र अजून नाही. पण तुमच्या शेजाऱ्यांची मंडळी त्या भांडणातली नाही हो, त्यांची परंपरा त्याच्याही कितीतरी आधी, ४५१ च्या खल्किदोन परिषदेनंतर, ख्रिस्ताचा देवपणा आणि माणूसपणा कोणत्या शब्दांत सांगायचा यावरून वेगळी झाली. त्यांना विचारा, आनंदाने सांगतील.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगला आहे. चर्चमध्ये सांगतात की तारण कृपेने आहे, फुकट आहे, आपल्या कर्माने मिळत नाही. मग चांगलं वागायचंच कशाला? आणि याकोबाच्या पत्रात तर क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असं लिहिलंय. बायबलच स्वतःशी भांडतंय असं वाटतं.

उत्तर: हा प्रश्न पौलालाच, ज्याची पत्रं बायबलात आहेत त्यालाच, विचारला होता रे, रोमकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायात त्याने तो स्वतःच मांडलाय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? म्हणजे पौलाची शिकवण ऐकल्यावर हा प्रश्न पडायलाच पाहिजे, तो पडला नाही तर ती नीट ऐकलीच नाही असं मी म्हणेन.

पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचं उदाहरण देतात ते शेजारी शेजारी ठेवून वाच. पौल दाखवतो ती रात्र, जेव्हा म्हातारा निपुत्रिक अब्राहाम तारे बघतो आणि देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, तेव्हा त्याने काहीच केलेलं नसतं. याकोब दाखवतो ते कित्येक वर्षांनंतरचं, आपल्या मुलाला, इसहाकाला, देवाला अर्पण करायला घेऊन डोंगर चढणारा अब्राहाम. उत्पत्तीच्या पुस्तकात एक पंधराव्या अध्यायात आहे, दुसरं बाविसाव्यात. माणूस तोच, गोष्टही तीच, फक्त एकजण सुरुवात दाखवतोय आणि एकजण ती पुढं कुठवर गेली ते. मार्टिन लूथरला याकोबाचं पत्र आवडायचं नाही, त्याने १५२२ च्या प्रस्तावनेत त्याला गवताचं पत्र म्हटलं आणि आपल्या बायबलात मागं नेऊन ठेवलं, पण काढून टाकलं नाही हेही लक्षात ठेव. आणि ज्या वादावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे झाले, त्याच विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथं कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी एकत्र सही केली की आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, फक्त कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि तोच आत्मा देऊन आपल्याला सत्कर्मांसाठी तयार करतो. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण चारशे ऐंशी वर्षांनी एवढं झालं.

मला स्वतःला हे पुस्तकातून नाही कळलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, गंगावेशीकडं कुंभार गल्लीत क्रिकेट खेळताना आमचा बॉल गणपतीच्या मूर्तींमध्ये गेला आणि आणायला म्हणून मी आत घुसलो तर कोपर लागून एका मूर्तीचा हात खांद्यापासून निखळला. चतुर्थी आठ-दहा दिवसांवर. कुंभारकाका आले, मी ख्रिस्ती पोरगा, मला वाटलं आता घरी तक्रार जाणार आणि वडिलांच्या खिशाला भुर्दंड. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खाली बसले, शाडूचा गोळा घेतला, पाण्याचं बोट लावत लावत नवा हात जोडला, बोटं काढली, मोदक ठेवला. मला एक शब्द बोलले नाहीत, जाताना फक्त म्हणाले, लागलं नाही ना रे तुला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आपोआप तिकडं गेलो आणि माती मळायला बसलो, तिसऱ्या दिवशीपण, चतुर्थीपर्यंत रोज. कुणी सांगितलं नव्हतं आणि फेडायचं तर काही उरलंच नव्हतं. ते ओरडले असते, पैसे घेतले असते, तर मी त्या गल्लीत परत पाऊल टाकलं नसतं.

तू विचारतोस चांगलं वागायचं कशाला. त्या दहा दिवसांत मी माती कशाला मळली, ते बघ.

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. आमचं बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात बाप्तिस्मा लगेच करा, माझ्या माहेरची मंडळी म्हणते लहान बाळाला काय कळतं, मोठा होऊन स्वतः विश्वास ठेवेल तेव्हा पाण्यात बुडवून द्यायचा. घरात रोज वाद. बरोबर कोण?

उत्तर: सलाम ताई. दोन्हीकडचे लोक बायबल वाचूनच बोलतायत हे आधी मान्य करा. तुमच्या माहेरचे म्हणतात आधी विश्वास मग बाप्तिस्मा, प्रेषितांच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी तसाच क्रम दिसतो. सासूबाई म्हणतील फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने 'घरच्या सगळ्यांसह' बाप्तिस्मा घेतला, आणि देवाचा करार आईबापांबरोबर लेकरांनाही धरतो. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला तर्तुल्लियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की मुलांना घाई करू नका, म्हणजे तेव्हा लोक मुलांना देत होते आणि तेव्हाही वाद होताच. १५२५ मध्ये झ्युरिकला मोठ्यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला त्यावरून माणसं नदीत बुडवून मारली गेली, त्यापुढं तुमच्या घरातला वाद काहीच नाही.

आपल्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब आले, पुढं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, आणि प्रेस्बिटेरियन लोक बाळांना बाप्तिस्मा देतात, सासूबाईंचा आग्रह तिथून आलाय. पण १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात फक्त मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले, आणि बसून ठरवलं की दोन्ही पद्धती चालतील, ज्यांना बाळाला द्यायचाय त्यांनी द्यावा आणि मोठेपणी त्याने विश्वास कबूल करावा, ज्यांना थांबायचंय त्यांनी बाळाला समर्पण करून थांबावं. एवढ्या मंडळ्यांना जमलं ते दोन कुटुंबांना जमेल. माझं वैयक्तिक मत बाळाला देण्याकडं झुकतं, कारण कृपा आपल्याला कळायच्या आधी येते. पण निर्णय तुम्ही नवराबायकोने घ्या, दोन्ही आज्ज्यांनी नाही.

प्रश्न: मी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला. माझे बाबा कागलकडचे वारकरी, आयुष्यभर कुणाचं वाईट केलं नाही, दुष्काळात स्वतःच्या विहिरीचं पाणी गावाला दिलं. मागच्या आषाढात गेले. एका प्रार्थनासभेत मला सांगितलं की ते येशूला न मानता गेले म्हणजे नरकातच आहेत. तेव्हापासून झोप नाही. त्यांचे टाळ माझ्याकडं आहेत, घरातले म्हणतात काढून टाक. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्याने कुणी तुम्हाला ते सांगितलं त्याने देवाच्या जागेवर बसून निकाल दिला, तो अधिकार त्याचा नाही, माझाही नाही.

वाद खरा आहे, तो लपवत नाही. येशू म्हणतो माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडं कोणी येत नाही, पेत्र म्हणतो तारण दुसऱ्या कोणाकडून नाही. ही वचनं मी मानतो, पूर्ण मानतो. पण 'येशूवाचून तारण नाही' आणि 'येशूचं नाव घेतल्यावाचून तारण नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अब्राहामाने येशूचं नाव कुठं ऐकलं होतं? तरी तो विश्वासणाऱ्यांचा बाप. कितीतरी प्रोटेस्टंट शिक्षक अजूनही म्हणतात की जिवंतपणी उघड विश्वास पाहिजेच. पण दुसऱ्या शतकातला शहीद जस्टिन लिहून गेला की देवाच्या शब्दाचं बी सगळ्या माणसांत पेरलेलं आहे आणि त्याप्रमाणे जे जगले ते ख्रिस्ताचेच होते. 'मंडळीबाहेर तारण नाही' हे जुन्या काळच्या सिप्रियन बिशपचं म्हणणं सगळे फेकून मारतात, पण तो बोलत होता मंडळी फोडून बाहेर पडणाऱ्यांबद्दल, शेतात राबणाऱ्या वारकऱ्याबद्दल नाही. आणि कॅथलिक मंडळीने १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, तेही कृपेनेच. मी कॅथलिक नाही, तरी याला आमेन म्हणतो. आणि दर रविवारी विश्वासांगीकारात आपण येशूबद्दल म्हणतो ना, 'अधोलोकात उतरला', ते हळू म्हणून बघा एकदा. मेलेल्यांपर्यंत जो उतरला त्याला तुमच्या बाबांपर्यंत जायला कोण अडवणार?

मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही की ते कुठं आहेत. कोणाच्या हातात आहेत ते मात्र सांगू शकतो, आणि ते हात खिळ्यांचे व्रण असलेले आहेत. अब्राहामाने देवालाच विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्याय करणारा योग्य तेच करणार नाही का? रात्री झोप आली नाही तर तेवढंच विचारा, ती प्रार्थनाच आहे.

आणि टाळ काढून टाकू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, आणि त्यांची ख्रिस्ती भजनं आपण आजही टाळावरच म्हणतो. तुमच्या मंडळीत भजनाला टाळ लागत असतीलच, रविवारी बाबांचे घेऊन जा. फक्त दोरी तपासून घ्या, बरेच दिवस वापरले नसले तर कुजलेली असते आणि जोरात वाजवताना सुटते.