होमस्कूलमधून थेट नववीला पब्लिक हायस्कूल: टेक्सासपुरतं उत्तर

सलाम ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, मुलगा आठवीपर्यंत घरीच शिकला, आता ऑगस्टपासून नववीला पब्लिक हायस्कूलला जायचं म्हणतोय. बाबा तयार आहेत, तुमचा जीव मात्र त्याच्या ख्रिस्ती विश्वासापायी टांगणीला लागलाय.

माझं मत: पाठवा. आणि काळजी करायचीच तर वर्गात काय शिकवतात याची कमी, वेळापत्रकाची जास्त करा. या वयात उपासना सुटते ती बहुतेकदा रविवारी सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून. वादात हरून विश्वास सोडणारी पोरं त्यामानाने कमी.

आधी कागदपत्रं, कारण तिथेच उशीर होतो. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वीजबिल), पालकाचं ओळखपत्र, लसींची नोंद. लहानपणीच्या लसी भारतात झाल्या असतील तर ती फाइल शोधून ठेवा. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची) या दोन लसी हमखास राहिलेल्या असतात, कारण त्या सातवीच्या सुमाराला मागतात आणि होमस्कूलवाल्यांना तेव्हा कुणी विचारत नाही. विषयनिवड बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकते. ऑगस्टमध्ये गेलात तर उरलेसुरले विषय मिळतात. म्हणून काउन्सेलरची (विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराची) वेळ आत्ताच घ्या.

टेक्सासमध्ये होमस्कूलला खासगी शाळेचाच दर्जा आहे, त्यामुळे प्रवेश नाकारत नाहीत. खरा प्रश्न क्रेडिटचा, म्हणजे विषय पूर्ण केल्याची डिप्लोमासाठी मोजली जाणारी नोंद. त्याने घरी अल्जेब्रा १ केलं असेल तर पुस्तकाचं नाव, धड्यांची यादी, सोडवलेल्या चाचण्या आणि गुण असं एक बाड घेऊन जा. शाळा ते तपासून क्रेडिट देईल किंवा परीक्षा घेईल. विषय आधी शिकलेला असेल तर त्या परीक्षेत ७० टक्के लागतात, न शिकता थेट द्यायची तर ८०. पण ८० टक्क्यांची ती थेट परीक्षा सोडली, तर बाकी मार्गाने क्रेडिट मिळालं तरी डिप्लोमासाठी राज्याची अल्जेब्राची एंड-ऑफ-कोर्स (विषय संपल्यावरची) परीक्षा द्यावीच लागते. हे माहीत नसलं की अकरावीत धावपळ होते. घरचे गुण क्लास रँकमध्ये (वर्गातल्या गुणानुक्रमात) धरतात का, हेही लेखी विचारून घ्या. यूटी ऑस्टिन या राज्याच्या विद्यापीठाचा थेट प्रवेश २०२६ पासून पहिल्या ५ टक्क्यांपुरता झालाय, तेव्हा पुढे याच मुद्द्यावर वाद होतात.

पहिल्या सत्रात ॲडव्हान्स्ड विषय दोनच. मुलगा हुशार आहे हे मान्य, पण घरी साडेतीन तासांत अभ्यास संपवणाऱ्याला सात-आठ तासिका, दर घंटेला नवी खोली आणि सहा मिनिटांत इमारत पालथी घालणं अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्या सहा आठवड्यांत भोपळे मिळतात ते विषय न येण्यामुळे कमी आणि गृहपाठ वहीत पूर्ण करूनही कॅन्व्हासवर (शाळेच्या ऑनलाइन गृहपाठाच्या साइटवर) सबमिटचं बटण न दाबल्यामुळे जास्त. दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसून ‘मिसिंग’ची यादी बघा, बस. ७० च्या खाली गेला तर ‘नो पास, नो प्ले’ नियमाने तीन आठवडे सामने बंद होतात, आणि खेळणाऱ्या मुलाला तो धाक आपल्या ओरडण्यापेक्षा जास्त कळतो.

आता विश्वासाचं. शाळेत प्रार्थना बंद आहे, ही समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये फार पसरलीय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या निकालाने बंद झाली ती शाळेने घेतलेली प्रार्थना. तुमचा मुलगा डब्यापुढे डोळे मिटून प्रार्थना करू शकतो, मधल्या सुट्टीत बायबल वाचू शकतो, निबंधात विश्वासाबद्दल लिहू शकतो. गुण भाषेला आणि मुद्द्यांना मिळतात. १९८४ च्या इक्वल ॲक्सेस ॲक्टमुळे, शाळेत बुद्धिबळासारखा अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालत असेल तर विद्यार्थ्यांचा बायबल क्लब नाकारता येत नाही, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. गडबड कुठे होते? उत्साही पाळक दर आठवड्याला येऊन स्वतःच क्लब चालवायला लागतात. तिथे शाळा बरोबर असते: क्लब मुलांनी चालवायचा, बाहेरच्यांनी नियमित येऊन सूत्रं हातात घ्यायची नाहीत, शिक्षक फक्त देखरेखीला.

बायोलॉजीतल्या उत्क्रांतीबद्दल तुम्ही विचारलंय. टेक्सासच्या शिक्षण कायद्यात तशी सोय आहे: धार्मिक किंवा नैतिक विश्वासाशी न जुळणाऱ्या तासापुरतं मुलाला बाहेर ठेवायचं असेल तर पालकाने लेखी द्यायचं. पण परीक्षा टाळायला किंवा अख्खं सत्र बुडवायला ती वापरता येत नाही. माझ्या मते इथे ती वापरूच नये. बायोलॉजीचीही राज्य परीक्षा आहे, आणि धडा चुकवलेल्या मुलाचे प्रश्न मिटत नाहीत, ते फक्त तुम्हाला विचारायचे बंद होतात. तो धडा घरी एकत्र वाचा. लैंगिक शिक्षणाचं साहित्य मात्र आधी मागून बघा आणि मग ठरवा.

गुड फ्रायडेला सुट्टी नसेल तर आधी चिठ्ठी द्या. धार्मिक सणाची गैरहजेरी माफ करणं शाळेवर बंधनकारक आहे.

रविवार वाचवायचा असेल तर खेळाची निवड जपून करा. यूआयएलच्या (टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या) नियमांमुळे शाळेच्या संघाचे सामने आणि सराव सहसा रविवारी नसतात. रविवार खातात ते खासगी क्लबचे संघ, ज्यांची स्पर्धा नेमकी ह्यूस्टनला असते. बँड घेत असेल तर जुलैअखेरपासून सराव, सत्रात शुक्रवारी रात्री फुटबॉल आणि शनिवारी स्पर्धा धरून चाला. अशा आठवड्यात सकाळच्या उपासनेऐवजी संध्याकाळची चालत असेल तर ती धरा, पण काय चालेल हे ऑगस्टआधी बोलून ठेवा. होमकमिंगचा (शरदातल्या शाळेच्या वार्षिक सोहळ्याचा) डान्सही त्यातच ठरवा. ऐन सप्टेंबरात, सगळे मित्र जात असताना दिलेला नकार फार महाग पडतो. (पोरींच्या छातीवर ढालीएवढं फुलांचं मम दिसेल, दचकू नका, ती टेक्सासची रीत आहे.)

फोन शाळेच्या वेळात वापरायला २०२५ पासून राज्यभर बंदी आहे, हे आपल्या पथ्यावरच पडलं. तुमच्या हातात रात्र आहे: चार्जर स्वयंपाकघरात, दहानंतर फोन तिथेच.

पहिल्या दोन आठवड्यांत डब्याची वेळ सगळ्यात अवघड. मंडळीतलं किंवा तरुण संघातलं कोणी त्याच शाळेत असेल तर दोघांची लंच एकच आहे का ते बघा; मोठ्या शाळांत दोन-तीन लंच असतात. ऑगस्टातल्या फिश कॅम्पला (नववीच्या नव्या मुलांना शाळेची ओळख करून देणाऱ्या शिबिराला) त्याला नक्की पाठवा. घरी आल्यावर ‘कुणी बिघडवलं तर नाही ना’ या सुरातली चौकशी नको, आधी खायला द्या आणि विचारा, जेवायला कोणाजवळ बसलास?

नाहीच जमलं तर परत होमस्कूल करता येतं, शाळेला पत्र दिलं की झालं. फक्त सत्र संपल्यावर काढा. क्रेडिट सत्राला अर्धं मिळतं, ऑक्टोबरात काढलंत तर तेही हातचं जातं.

अल्जेब्रा कुठल्या पुस्तकातून केलंय आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट कोणतं ते लिहा, म्हणजे परीक्षेच्या तारखा कुठे बघायच्या ते सांगतो.