ओहोटीबरोबर ठाणे खाडीतला गाळ वाहून का जात नाही?

तुम्ही विचारलंय की वाशीच्या पुलाखालून दिवसातून दोनदा एवढं पाणी समुद्राकडे जातं, तरी खाडी उथळ का होते? पाणी परत जातं, पण सगळा गाळ जात नाही.

हा गाळ वाळूचा नाही, मुख्यतः चिकणमातीचा आहे. तिचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक. गोड्या पाण्यात ते सुटे तरंगतात, खाऱ्या पाण्यात चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. फिल्टरच्या पाण्याच्या दोन ग्लासांत अर्धा-अर्धा चमचा चिकणमाती ढवळा, एकात चमचाभर मीठ घाला. मिठाचं पाणी आधी नितळतं.

भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं. तेवढ्यात काठाच्या उथळ पाण्यातले पुंजके खाली बसतात. बसलेली माती पुन्हा उचलायला जास्त वेग लागतो आणि काठावरून उतरणाऱ्या पाण्याला तो नसतो. तिवरांची मुळं तो आणखी कमी करतात.

मग मधला प्रवाह खोल कसा राहतो? खाजणावर, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या काठाच्या सपाट जमिनीवर, पसरलेलं पाणी ओहोटीला त्यातूनच उतरतं म्हणून. १ चौरस किलोमीटर खाजणावर सरासरी १ मीटर पाणी चढत असेल, तर प्रत्येक ओहोटीला १० लाख घनमीटर पाणी मधला मार्ग धुतं. खाजणावर भराव टाकला की ही धुलाई बंद. पावसाळा सोडला तर वरून गोडं पाणीही फारसं येत नाही. म्हणून काठ बुजवत राहायचं आणि मधला गाळ उपसायचा, हा खर्च मला वाया गेलेला वाटतो.

नवी मुंबईच्या धारण तलावांचं, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावांचं, दुखणंही हेच. त्यांच्या झडपा ओहोटीला बाहेर उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. झडपेत गाळ किंवा प्लास्टिक अडकलं की ती अर्धवट उघडी राहते. मग भरतीचं गढूळ पाणी आत शिरतं, शांत तलावात गाळ टाकतं, त्यावर तिवरं रुजतात आणि पावसाचं पाणी साठवायला जागा उरत नाही.

प्रत्यक्ष बघायचं तर जुना हिशोब वापरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. द्वितीयेला दीडला भरती, पावणेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे हटतं. सकाळी काठावरूनच झडपेच्या बाहेरची बाजू बघा. चिखल झडपेच्या खालच्या कडेपर्यंत आला असेल, तर पावसाळ्याआधी तो काढायची तक्रार तेव्हाच नोंदवा.